लेव्हलदादा आणि मागचं वजन

आमच्या गल्लीत दादाचं खरं नाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. लेव्हलदादा म्हणा, अगदी दुकानाच्या पायरीपर्यंत आणून सोडतील. मी त्याची धाकटी बहीण. दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर बसते. तो मला बारकी म्हणतो. मी त्याला तोंडावर दादा म्हणते आणि पाठीमागे वाटेल ते.

दुकान पाट्यांचं. गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची एकावर एक चळत असते, त्या पट्ट्या म्हणजे पाटे. मागचं सगळं वजन त्यांच्या अंगावर. वर्षानुवर्षं ओझं वाहून ते सपाट होतात आणि गाडी मागून बसते. असे दमलेले पाटे काढायचे, त्यांना पुन्हा कमान द्यायची, नाहीतर एखादा नवा पाटा घालायचा, हे काम आधी बाबा करायचे, आता दादा करतो. काम झालं की तो गाडीच्या मागे जरा लांब जाऊन उकिडवा बसतो, डावा डोळा मिटतो आणि उजव्याने बघत राहतो. गिऱ्हाईक किल्ली हातात घेऊन ताटकळलेलं असतं. मी काउंटरवरून ओरडत असते, "अरे, फोटो काढतोयस का तिचा?" ह्याचं आपलं बघणं चालूच. शेवटी गुडघ्यांवर हात टेकून उठतो आणि म्हणतो, "लेव्हल." मग कुठे गाडी सुटते.

ही खोड नुसती दुकानापुरती असती तर ठीक होतं. वहिनीच्या माहेरी पहिल्यांदा जेवायला गेला, तेव्हा टेबल हलतंय म्हणून खाली शिरला आणि पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवत बसला. वहिनीची आई अजून सांगते, "जावई चांगलाच आहे, पण मला आधी त्याच्या चपला दिसल्या, तोंड नंतर दिसलं."

तसा दादा लाजरा. हातात पाना असला की कुणालाही भिडेल, पाना खाली ठेवला की बोलती बंद. कुणी त्याला हसलं की त्याचे कान लाल होतात. तोंड नाही, नुसते कान. समोरचा काय बोलला असेल, हे मी लांबून त्याचे कान बघून सांगू शकते.

आणि आमची आई जाड आहे. मी मुलगी आहे म्हणून म्हणते. दुसऱ्या कुणी म्हणून तर बघावं, मी काउंटरवरून उडी मारून येईन. दुकानाला लागूनच आमचं घर. आईने ह्याच दुकानाच्या मागच्या खोलीत जन्मभर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. ट्रकच्या सीटचं रेक्झीन जाड, मशीन जड, पायडल त्याहून जड. सकाळी स्टुलावर बसायची ती दिवेलागणीला उठायची. बसून बसून अंग वाढलं आणि पायडल मारून मारून गुडघे गेले. पण सीटवर नुसता तळहात दाबून ती सांगायची, आत स्पंज किती उरलाय आणि ह्या सीटवरचा ड्रायव्हर डावीकडे कलून बसतो की उजवीकडे. ड्रायव्हर लोक चाट पडायचे.

दादा लहान असताना आई एकदा त्याच्या शाळेत गेली होती. पालकांना बोलावलं होतं. ती बाकाच्या एका टोकाला बसली आणि दुसऱ्या टोकाला बसलेली कुणाची तरी काडीसारखी आत्या बाकासकट वर गेली. वर्ग हसला, मास्तर हसले, आई तर पोट धरून हसली. दादाने बाकावर डोकं टेकवलं ते घंटा होईपर्यंत वर केलं नाही. पुढच्या वेळी घरी येऊन म्हणाला, "ह्या वेळी बाबांना पाठव." आई ही गोष्ट गंमत म्हणून सांगते. ती सुरू झाली की दादा खोलीतून उठून जातो. मला वाटायचं, तेच तेच ऐकून त्याला कंटाळा येत असेल.

गुडघे पारच आखडले तेव्हा आई चाकांच्या खुर्चीत आली. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्याच्या टाकीत उभं राहून व्यायाम केलात तर पाय टिकतील, खाडे केलेत तर अंथरुणाला खिळाल. स्पष्टच बोलले ते, आणि बरं झालं बोलले. आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. आईला खुर्चीसकट नेता यावं म्हणून दादाने एक जुनी व्हॅन घेतली, मागचं बाकडं काढलं, खुर्ची अडकवायला तळाला आकडे बसवले आणि मागच्या दाराला घडीचा रॅम्प केला. दादाचं काम ते! रॅम्पला असं लोखंड वापरलं की त्यावरून ट्रॅक्टर चढावा. खिडक्यांचे पडदे आईने स्वतः शिवले, गडद निळे, आडव्या सळईत कड्या घालून. ऊन लागतं, म्हणाली.

पहिल्या दिवशी आईची खुर्ची आत गेली, रॅम्प वर घेतला आणि व्हॅनने मागून बैठकच मारली. नाक वर, दिवे आभाळाकडे. मी आईच्या शेजारी स्टुलावर, दादा स्टेअरिंगवर. गल्लीच्या तोंडाशी टायरवाल्याचं दुकान आहे. टायरवाला म्हणजे दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. तोंडाचा फाटका, मनाने वाईट नाही. त्याने हातातला टायर सोडला आणि ओरडला, "अरे लेव्हलदादा! लोकांच्या गाड्या सरळ करतोस आणि तुझी स्वतःची बसलेली? मागे काय एवढं सामान भरलंयस?"

तिथे उभी असलेली चार माणसं हसली. पडद्यांमुळे त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. मला मात्र दादाचे कान दिसत होते.

"आहे थोडं सामान," दादा म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीच्या पडद्याकडे बघत होती. मग तिने खुर्चीत अंग चोरून घेतलं, हात पोटाशी, कोपर आत. त्याने गाडी काय वर येणार होती?

संध्याकाळी दुकान बंद करताना मी दादाला गाठलं. "सामान म्हणालास तू आईला."

"आईला कुठे म्हणालो? तो गाडीबद्दल विचारत होता."

"आणि गाडीत कोण होतं?"

"मग काय सांगायला हवं होतं? चारचौघांत?" एवढं बोलून तो शटरची कडी लावत बसला. ती कडी लागायला इतका वेळ कधीच लागत नाही.

मला वाटलं, दोन दिवस जातील, मग तो आईशी बोलेल. दादाने बोलायचं सोडून दुसरंच काढलं. बोलण्याऐवजी काहीतरी दुरुस्त करायचं, हा त्याचा जुना स्वभाव.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मला बोलावलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि एक खोकं उघडलं. आत दोन जाड रबरी फुगे, लोखंडी पट्ट्या, बोल्ट आणि काळ्या नळीचं वेटोळं. मी बघतच राहिले. जन्मभर ह्या माणसाने हवेला नावं ठेवली होती. कुणी गिऱ्हाईक फुगे बसवायचं म्हणालं की हा म्हणायचा, "हवेवर गाडी चालवायची तर विमान घ्या." आणि आता घरच्या गाडीला फुगे!

"पाटा का नाही वाढवत?" मी विचारलं.

"पाटा वाढवायचा तर कारागिरांना सांगावं लागेल, कशासाठी ते." त्याने माझ्याकडे पाठ करून जॅक लावला. "हे आपण दोघं करू."

काम त्याने झकास केलं, ते मी नाकारणार नाही. गाडी उचलून सांगाड्याखाली टेकू द्यायच्या घोड्या लावल्या, मागचा धुरा हळूहळू खाली सोडला. धुरा आणि सांगाडा ह्यांच्यामध्ये मूळचा जो रबरी ठोकळा असतो, तो दोन्ही बाजूंनी काढला आणि त्या जागी एकेक फुगा बसवला, वर एक पट्टी, खाली एक पट्टी. पाटे आपल्या जागी तसेच. वजन आलं की फुगा सांगाड्याला खालून उचलून धरतो, पाट्यांना तेवढाच आधार. मी बोल्ट देत होते आणि शिकत होते. दोन फुग्यांना दोन वेगळ्या नळ्या. एकच नळी दोघांना जोडली तर वळणावर एका फुग्यातली हवा दुसऱ्यात पळते आणि गाडी आणखीच कलते. नळ्या सायलेन्सरपासून लांबून नेल्या, जिथे जवळून जात होत्या तिथे पत्र्याचा आडोसा केला. हवा भरायची तोंडं नंबरप्लेटच्या शेजारी बाहेर काढली. मग सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला आणि एकही बुडबुडा येत नाही हे बघून मान हलवली.

मधेच मी म्हटलं, "दादा, आई घरात आहे, तरी सकाळी ही गाडी निम्मी बसलेलीच होती की रे."

त्याने रॅम्पकडे बघितलं. ते त्यानेच जोडलेलं लोखंड. मग पाना उचलून परत गाडीखाली गेला.

खोक्यातला कागद मी मोठ्याने वाचून दाखवला. फुगे कधीही रिकामे ठेवू नका. वजनाच्या मानाने गरजेपुरतीच हवा भरा. जास्त भराल तर गाडी कडक होईल, आतल्याला दणके बसतील. दादा "हं" म्हणाला. मग त्याने आईला खुर्चीसकट गाडीत बसवलं आणि पायपंप जोडला.

"काय करतोयस रे?" आईने आतून विचारलं.

"गाडीला थोडा आधार देतोय."

पंप मारायचा, लांब जाऊन उकिडवं बसायचं, डावा डोळा मिटायचा, परत येऊन पंप मारायचा. मी म्हटलं, "थोडी बसली तर बसू दे की." तो ऐकेना. बंपर जमिनीशी सरळ रेषेत येईपर्यंत थांबला नाही. मी फुगा दाबून बघितला तर माझंच बोट दुखलं. पण गाडी आईला घेऊन अशी उभी होती की आत कुणी नाहीच.

"लेव्हल," दादा म्हणाला. किती दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झाला होता. "आता कुणी विचारणारच नाही."

आणि खरंच कुणी विचारलं नाही. टायरवाल्याने नुसता हात केला. दादा शीळ घालत गेला म्हणे. मी नव्हते बरोबर. दवाखान्यात आईला उतरवून घ्यायला त्यांची माणसं असत, आणि काउंटरवर कुणीतरी लागतंच, म्हणून मी जाणं सोडलं होतं. आई मागे एकटी, पडदे ओढलेले. दादा पुढे.

मग आईची कारणं सुरू झाली. आज डोकं जड आहे. आज अंगात कणकण आहे. त्या पाण्याला औषधाचा वास येतो, मळमळतं. दादा लगेच म्हणायचा, "राहू दे मग आज." इतका लगेच, की मला त्याचाही राग यायचा. शेवटी टाकीवरच्या बाईंचा फोन दुकानात आला आणि मी उचलला. "आजी येत नाहीत हल्ली? मागच्या वेळी दांडा न धरता उभ्या राहिल्या होत्या हो. आता खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. कदाचित तेही नाही जमणार." फोन ठेवला आणि मी सरळ मागच्या खोलीत गेले.

आई कपडे बदलत होती. मी न विचारता आत शिरले म्हणून तिने गडबडीने पदर ओढला, पण मला दिसायचं ते दिसलं. कमरेवर, खुर्चीचा आडवा दांडा जिथे येतो तिथे, काळानिळा पट्टा. एका मांडीवर तसाच.

"हे काय गं?"

"दांडा लागतो."

"घरात तर दिवसभर ह्याच खुर्चीत असतेस."

तिने पदर कमरेवर सारखा केला. मग म्हणाली, "दादाला सांगू नकोस. त्याने एवढी मेहनत केलीय. शपथ आहे तुला."

मी शपथा पाळत नाही. मी बाहेर येऊन दादाच्या हातातला पाना काढून घेतला, त्याला व्हॅनपाशी ओढत नेलं आणि आईच्या खुर्चीत बसवलं. वजन आईएवढं व्हायला हवं, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या पाट्यांच्या चळती रचल्या. पडदे ओढले. "आता दवाखान्यापर्यंत चल," म्हटलं, आणि तो जसा चालवतो तशीच चालवली, हळू नाही आणि जोरातही नाही.

पहिल्या ब्रेकरला मागून आवाज आला, "सावकाश." दुसऱ्याला त्याच्या तोंडून "आई गं" निघालं. पुढे रस्ता खोदून ठेवलेला आहे, तिथे तर नुसतं लोखंड आपटल्याचा आवाज येत होता आणि दादाचा काहीच नाही. मी आरशात बघितलं. त्याने खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी धरले होते आणि तो कमरेतून वर उचलला जात होता, खाली आपटत होता. गाडी मात्र बाहेरून अगदी झोकात चालली असणार.

मी दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली. तो उतरला नाही. "चल घरी," एवढंच म्हणाला. कान लाल नव्हते. पांढरे पडले होते. ते मी आजवर कधी बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर तो पाय न धुता मागच्या खोलीत गेला. आई मांडीवर रेक्झीनचा तुकडा घेऊन सुईत दोरा ओवत होती. हात रिकामे राहवत नाहीत तिला.

"आई, एवढं लागत होतं तर बोलली का नाहीस?"

आईने दोरा ओढून गाठ मारली. रागावली नव्हती ती, हे मी शपथेवर सांगते. साधं विचारावं तसं तिने विचारलं, "सामान कधी बोलतं का रे?"

दादा मेल्याहून मेल्यासारखा झाला. उभा होता तिथेच भिंतीला टेकला आणि टेकत टेकत खाली बसला. त्याला वाटत होतं, तिने ऐकलंच नाही. इतके दिवस त्याला तसं वाटत होतं! पडद्यापलीकडे दोन हातांवर बसलेल्या माणसाला ऐकू जाणार नाही असं समजणारा हा माझा हुशार भाऊ. मला त्याला झोडपावंसं वाटलं, आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. माझंच तोंड शरमेने गरम झालं, का ते मला कळेना. मी तर काही केलं नव्हतं.

"मला तुझी लाज वाटत नाही गं," तो म्हणाला. मग थांबला. आईसमोर त्याला खोटं बोलता येत नाही. "वाटते. लोक हसतात तेव्हा वाटते. लहानपणापासून वाटते. आणि मग मला माझी वाटते."

आईने रेक्झीनला एक टाका घातला. "शाळेतलं बाक आठवतं तुला?"

"आठवतं."

"मी हसले म्हणून सगळ्यांना वाटलं, हिला काही वाटलं नाही. तुलाही तसंच वाटलं. मी घरी येऊन दोन दिवस जेवले नव्हते." तिने सुई कापडात टोचून ठेवली. "पडदे मी उन्हासाठी नाही शिवले. मलाही कुणी बघायला नको होतं. तू सामान म्हणालास ना, तेव्हा क्षणभर बरंही वाटलं. म्हटलं, चला, कुणाला कळलं नाही."

हे ती मला कधी बोलली नव्हती. बाकाची गोष्ट ती गंमत म्हणून सांगायची, आणि मी प्रत्येक वेळी हसायचे.

"तुझ्या खुर्चीत बसून आलो," दादा जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग? कशी आहे सीट?"

"वाईट आहे."

"अरे, मी जन्मभर सीटच केल्या. सीट वजनाखाली दबायलाच हवी. दबली नाही तर ती माणसाला मारते. तू मला सीटवर नाही, ओट्यावर बसवलंस."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा वार होता. रॅम्प कापून हलका करायचं दादाने रात्रीच ठरवलं होतं, पण ते काम काही एका सकाळचं नव्हे. आईला आत बसवलं. दादा नंबरप्लेटपाशी बसला, हवेच्या तोंडावर अंगठ्याचं नख. मी मध्ये उभी.

"सोड," आई आतून म्हणाली. हवा फुसफुसत निघाली. आईने खुर्चीत अंग वर-खाली करून बघितलं. "अजून." पुन्हा फुसफुस. "दुसऱ्या बाजूचीही सोड, मी डावीकडे कलतेय." त्याने सोडली. तिने तळहात खुर्चीच्या बैठकीवर दाबला, ट्रकच्या सीटवर दाबायची तसा. "अजून थोडी. बस. आता बस."

दादाने हवेच्या तोंडांना टोप्या लावल्या आणि, सवय जाते थोडीच, लांब जाऊन उकिडवा बसला. डावा डोळा मिटला. गाडी मागून चांगली दोन बोटं बसली होती. पहिल्या दिवसाएवढी नाही, पण सरळही नाही. कुणालाही दिसावं. तो तसाच बसून राहिला. दोन कारागीर काम थांबवून बघत होते, ह्याच्या तोंडून तो शब्द कधी निघतो म्हणून.

"काय रे, झालं का?" आईने विचारलं.

"लेव्हल नाही," दादा म्हणाला.

"मग?"

तो उठला, हात पुसले. "काही नाही. निघू."

मी त्या दिवशी काउंटर बंद केलं आणि आईच्या शेजारी स्टुलावर बसले. मला काही चुकवायचं नव्हतं. गाडी गल्लीतून निघाली, नाक जरासं वर करून. टायरवाल्याच्या दुकानापुढे हातगाडी आडवी होती, थांबावंच लागलं. टायरवाल्याने गाडी वरपासून खालपर्यंत बघितली आणि त्याचा चेहरा फुलला.

"अरे लेव्हलदादा, परत बसली? आज काय सामान घातलंयस मागे?"

दादाचे दोन्ही हात स्टेअरिंगवर. कान लाल झाले, आधी कडा, मग पाळ्या. मी आईकडे बघितलं. ती दादाच्या पाठीकडे बघत होती आणि तिने पुन्हा अंग चोरलं होतं. हा आता काय म्हणतो, ह्यावर ती पुढच्या वेळी गाडीत बसणार की नाही ते ठरणार, हे मला तिच्या हातांवरून कळत होतं.

"आई आहे," दादा म्हणाला. एवढ्या हळू, की स्टेअरिंगला तरी ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

"काय?" टायरवाल्याने कानाला हात लावला.

माझ्या शेजारी कड्या खळखळल्या. आईने पडदा सळईच्या टोकापर्यंत सारला. ऊन तिच्या तोंडावर आलं. "जोरात सांग रे," ती म्हणाली. "त्याला ऐकू गेलं नाही."

"आई आहे!" दादा ओरडला. "माझी आई आहे मागे!"

हातगाडीवाला थांबला. चहा पिणारे थांबले. टायरवाल्याचं हसू तसंच अर्धं राहिलं. त्याने काळे हात पँटला पुसले, खिडकीपाशी आला आणि आईकडे न बघता म्हणाला, "काकू, मला काय माहीत... मी आपलं सामान म्हणून..."

"असू दे रे. सामानच म्हण," आई म्हणाली. "जपून न्यायचं असतं, एवढंच."

"आई, नको ना," दादा पुढून म्हणाला.

"का? तूच म्हणाला होतास."

"चुकलो." हातगाडी कधीच बाजूला झाली होती, तरी त्याने गाडी पुढे घेतली नव्हती. "चुकलो गं आई."

आईने हात पोटावरून काढून खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, ऐसपैस. तिचं कोपर माझ्या बरगडीत लागलं. आरशात दादाचे डोळे तिला शोधत होते, आणि गाडी आता कशीबशी सरकायला लागली होती.

"बरं," ती म्हणाली. "आता पुढे बघ. ब्रेकर आहे."